खळीची कॉलर आणि बो-टायची गाठ

बो-टायबरोबर कोणती कॉलर घालावी याचे पाश्चात्त्य पोशाखातील नियम केवळ अभिरुचीतून घडले असे सामान्यतः मानले जाते. परंतु गेल्या दोन शतकांचा इतिहास पाहिला, तर त्या नियमांमागे खळ, इस्त्री आणि धुलाईच्या कष्टांचा वाटा किती मोठा होता हे ध्यानात येते. सतराव्या शतकात क्रोएशियन सैनिकांच्या गळ्यातील रुमालावरून फ्रान्समध्ये क्रावात नावाचे गळवस्त्र रूढ झाले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये ब्यू ब्रमेल याने त्याला खळ देऊन ते ताठ व शुभ्र राखण्याची चाल प्रतिष्ठित केली. तोवर कॉलरीला त्या जाड वेढ्यांचा आधार मिळत असे. पुढे गळवस्त्र आक्रसत जाऊन त्याची अरुंद बो-टाय झाली, तेव्हा कॉलरीला स्वतःच्याच बळावर उभे राहणे भाग पडले.

हे बळ तिला मिळाले ते सुट्या कॉलरीच्या रूपाने, म्हणजे शर्टाला शिवलेली नसून स्टड नावाच्या छोट्या खुंटीवजा बटणांनी मागेपुढे अडकवण्याच्या कॉलरीने. न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय या गावी हॅना माँटेग्यू या गृहिणीने १८२७ च्या सुमारास, मळलेल्या कॉलरीपायी सबंध शर्ट धुवावा लागू नये म्हणून, पतीच्या शर्टाची कॉलर कापून वेगळी केली आणि धुऊन पुन्हा जोडली, असे परंपरेने सांगितले जाते. या युक्तीतून वाढलेल्या धंद्यामुळे ट्रॉयला ‘कॉलर सिटी’ हे नाव पडले. कॉलरी शिवण्याइतकेच त्या धुणे, त्यांना खळ देणे आणि कडक इस्त्री करणे हे काम मोठे होते. उकळते पाणी, धुलाईची तीव्र द्रव्ये आणि तापलेल्या इस्त्र्या यांच्या सान्निध्यात तेथील धुलाईगृहांतील स्त्रिया, ज्यांत आयर्लंडहून आलेल्या कुटुंबांतील पुष्कळ होत्या, दिवसाचे बारा-बारा तास राबत. १८६४ मध्ये केट मुलानी हिच्या नेतृत्वाखाली सुमारे ३०० जणींनी संघटना उभारून संप केला आणि मजुरीत २५ टक्के वाढ मिळवली. अमेरिकेतील स्त्रियांच्या पहिल्या टिकाऊ कामगार संघटनांपैकी ही एक असून, मेजवानीतील शुभ्र कॉलरीचा इतिहास लिहिताना तिला तळटीपेत ढकलणे अन्यायाचे ठरेल.

संध्याकाळच्या औपचारिक पोशाखात या ताठ कॉलरीचे जे रूप स्थिरावले ते विंग कॉलरीचे. ही कॉलर उभी असून तिची पुढची दोन टोके पंखांप्रमाणे बाहेर दुमडलेली असतात. बो-टाय त्या टोकांच्या पुढे बांधली जाते आणि टोके तिला मागून रेटून धरतात. हा आधार मिळण्यासाठी कॉलर उंच, अनेक पदरी आणि पुठ्ठ्यासारखी कडक असावी लागते, म्हणजेच ती सुटी असावी लागते, कारण तेवढी खळ शर्टाला शिवलेल्या कॉलरीला देणे अवघड असते. शिवाय उभ्या कॉलरीभोवती टायची पट्टी सर्व बाजूंनी उघडी दिसते. त्यामुळे लांबी कमीजास्त करण्याची कडी असलेली टाय तिच्यावर शोभत नाही आणि गळ्याच्या मापाचीच टाय घ्यावी लागते. खाली दुमडणाऱ्या साध्या कॉलरीत ही पट्टी झाकली जाते, म्हणून तेथे कडी चालून जाते. टेलकोटाबरोबर पांढरी बो-टाय आणि विंग कॉलर हा संकेत आजही टिकून आहे.

डिनर जॅकेटची गोष्ट वेगळी झाली. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या पुरुषांना मऊ कॉलरीची सवय जडली होती, आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळात प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा आठवा एडवर्ड, याने डिनर जॅकेटखाली दुमडती मऊ कॉलर घालून तिला मान्यता मिळवून दिली. जे. सी. लायेंडेकर या चित्रकाराच्या ‘ॲरो कॉलर मॅन’ जाहिरातींनी १९०५ पासून सुट्या कॉलरी घरोघर पोहोचवणाऱ्या ट्रॉयच्या क्लुएट-पीबडी कंपनीलाही अखेर जोडलेल्या कॉलरीच्या शर्टांकडे वळावे लागले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विंग कॉलर डिनर जॅकेटबरोबर पुन्हा अवतरली, परंतु शर्टाला शिवलेली, बुटकी आणि लिबलिबीत. तिची टोके टायला रेटू शकत नाहीत, उलट टायच त्यांना चेपून टाकते. अशा कॉलरीपेक्षा दुमडती कॉलर केव्हाही सरस होय, कारण ती निदान आपले काम करते.

भारतात बो-टाय मोजक्या समारंभांपुरती राहिली, तरी ताठ कॉलरीचा एक धागा न्यायालयांत शिल्लक आहे. वकिलांच्या पोशाखाविषयीच्या बार कौन्सिलच्या नियमांत काळा कोट, गाऊन आणि गळ्यातील पांढऱ्या पट्ट्या, म्हणजे बँड, यांच्यासोबत पांढरी कॉलर सांगितली आहे, आणि ती ताठ असो वा मऊ, दोन्हींना मुभा आहे.