घन खडकही वाहतो

श्रीपेरुंबुदूर म्हटलं की रामानुजाचार्यांचं जन्मस्थान आठवतं, नाहीतर चेन्नई-बंगळूर महामार्गालगतचे कारखाने. उष्णतेच्या अभ्यासाला नव्याने लागणाऱ्याला मी मात्र याच गावापासून सुरुवात करायला सांगेन. इथे सेंट-गोबेनच्या कारखान्यात 2000 सालापासून सपाट काच तयार होते. आणि याच परिसरातल्या शेल नावाच्या फिकट, पापुद्रेदार खडकात डायनोसॉरच्या काळातल्या पानांचे ठसे सापडतात.

आधी काच. वाळू, सोडा आणि चुनखडीचं मिश्रण सुमारे 1,500 अंश सेल्सिअसला वितळतं. वरच्या ज्वाळांची उष्णता त्यात उतरते ती मुख्यतः प्रारणाने. मग तो काकवीसारखा दाट रस भट्टीत संथपणे फिरू लागतो: तापलेला भाग हलका होऊन वर, निवलेला जड होऊन खाली. हे अभिसरण. त्यानेच रस एकजीव होतो. पुढे तो वितळलेल्या कथिलावर तरंगत पसरतो आणि त्याला उष्णता देत थिजत जातो. प्रारण, अभिसरण, वहन हे तिन्ही शब्द आपण शाळेत पाठ केले. इथे ते एका रांगेत कामाला लागलेले दिसतात.

जमिनीखाली उष्णता कशी सरकते, हे कळायला मात्र फार वेळ लागला, आणि त्या उशिराची गोष्ट या शास्त्रातली मला सर्वांत मोलाची वाटते. लॉर्ड केल्व्हिनने 1862 साली पृथ्वीचं वय काढलं, ते ती केवळ वहनाने निवते असं धरून. उत्तर आलं 2 ते 40 कोटी वर्षं. किरणोत्साराचा शोध लागला आणि केल्व्हिन खोटा ठरला, असं आपण अजूनही शिकवतो. हे अर्धंच खरं आहे. त्याचाच जुना सहायक जॉन पेरी याने 1895 मध्ये नेमकं बोट ठेवलं होतं: पोटातला भाग प्रवाही असेल, तर खालची उष्णता वर येत राहील आणि वय कितीतरी पटींनी वाढेल. पेरीकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

त्याचं म्हणणं किती वजनाचं होतं, हे एका हिशेबावरून कळतं. पृथ्वीच्या सुमारे 454 कोटी वर्षांच्या आयुष्यात खडकातून निव्वळ वहनाने उष्णता जेमतेम चारेकशे किलोमीटर सरकली असती. कवच आणि गाभा यांच्या मधल्या थराची, म्हणजे प्रावरणाची, जाडी आहे जवळजवळ 2,900 किलोमीटर. म्हणजे खडकालाच हलावं लागतं. प्रावरण द्रव नाही, हे विद्यार्थ्यांनी पहिल्या दिवशीच मनात पक्कं करावं. ते घन आहे, तरी तापलेलं असल्याने वर्षाला काही सेंटीमीटर वाहतं. या प्रवाहांनी खंड सरकत असावेत, असं भूशास्त्रज्ञ आर्थर होम्सने 1931 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडलं.

आता तो शेल हातात घ्या. त्याच्या पापुद्र्यावर टायलोफायलम या वनस्पतीचं पान उमटलेलं असतं: मधे शीर, दोन्ही बाजूंना कंगव्याच्या दातांसारखी दाट पर्णिका. त्याच थरांत अमोनाइट या समुद्री प्राण्यांचे अवशेषही मिळाले आहेत. ही झाडं ज्या काळात वाढली, त्याच काळात भारत अंटार्क्टिकापासून दूर होत होता आणि आजचा पूर्व किनारा आकाराला येत होता. फाटत्या जमिनीत समुद्र शिरला, गाळ साचला, पानं त्यात दबली. ती जमीन अजून थांबलेली नाही. पान, शेल आणि जवळची काचभट्टी, सगळं वर्षाला सुमारे 5 सेंटीमीटर ईशान्येकडे चाललं आहे.