माझ्या नानांची दारूची वही

"अम्मी, तुझे नाना दारूचा हिशेब ठेवायचे?" माझ्या मुलीने हे इतक्या मोठ्याने विचारलं की नवघरच्या आमच्या इमारतीत वरच्या-खालच्या मजल्यावर नक्की ऐकू गेलं असणार. पावसाळ्यानंतर आम्ही अम्मीची जुनी ट्रंक उन्हात काढली होती. तिच्या तळाशी, रेशनकार्डाच्या खाली, एक लांबट वही निघाली. पुठ्ठ्यावर देवनागरीत लिहिलं होतं, 'दारू-हिशेब'. आत मात्र सगळं उर्दू लिपीत.

मुसलमानाच्या घरात, तेही पाच वक्त नमाज पढणाऱ्या माणसाच्या ट्रंकेत दारूचा हिशेब! मुलगी हसून हसून लाल झाली. मी तिला सांगितलं, बाई, ही पिण्याची दारू नव्हे, बंदुकीची. मराठीत दोन्हींना एकच शब्द आहे. रे रोडजवळचा दारुखाना ऐकून माझे विद्यार्थीही असेच हसतात. मग त्यांना सांगावं लागतं की दारूखाना म्हणजे गुत्ता नव्हे, बारूद ठेवण्याची जागा.

माझं आजोळ दापोली तालुक्यात. नानांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. कोकणात अशा बंदुका अजूनही कुठे कुठे आहेत. रानडुकरं एका रात्रीत भाताचं शेत नांगरल्यासारखं करून जातात, म्हणून शेतकऱ्याला हा परवाना मिळतो. ठासणीच्या बंदुकीला तयार काडतूस नसतं. प्रत्येक बार हाताने भरायचा. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि हे सगळं गजाने ठासायचं. म्हणजे प्रत्येक वेळी बंदूकवालाच कारखानदार. चूक झाली तर दोष द्यायला दुसरं कोणी नाही.

आता या वहीत काय आहे ते सांगते. पहिली नोंद १९६८ सालच्या पावसाळ्याची आहे. भाषा आमची कोकणी, लिपी उर्दू. मराठीत सांगायचं तर ती अशी: "आज शेजारच्या वाडीत एकाचा हात गेला. बंदूक भरलेली होती. त्याला आठवत नव्हतं. त्याने पुन्हा भरली."

बस, एवढंच. त्याच्या खाली नानांनी रेघ मारली आहे आणि रेघेखालून हिशेब सुरू होतो. प्रत्येक ओळीत आधी तारीख, मग दारू किती मापं, छर्रे कोणते, हवा कोरडी की दमट, आणि शेवटी निकाल. निकालाचे शब्द ठरलेले: 'साफ', 'उशिरा पेटली', 'पेटली नाही', 'धक्का जास्त'. ओळीच्या टोकाला एक शब्द कायम असतो, 'भरलेली' किंवा 'रिकामी'. म्हणजे बंदूक खुंटीवर गेली तेव्हा कोणत्या अवस्थेत होती. अम्मी सांगते की बंदुकीच्या गजावरही नानांनी चाकूने खूण केली होती. गज रिकाम्या नळीत सोडला की खूण तोंडाशी यायची. खूण वर राहिली तर समजायचं, आत बार आहे. वही आणि गज, दोघांची साक्ष जुळल्याशिवाय ते बंदुकीला हात लावत नसत.

मधल्या एका पानावर लाल पेन्सिलीने लिहिलंय: "नवी दारू जुन्या मापाने भरली. धक्का फार. हे माप पुन्हा नको." दारू विकत आणली तरी प्रत्येक वेळची सारखी नसते. दाणा बारीक-जाड असतो, ओल कमी-जास्त असते. मापाची नळी तीच, पण आतला जोर वेगळा. हे डोळ्यांनी दिसत नाही, हिशेबातूनच कळतं. सातवीपर्यंत शिकलेल्या माझ्या नानांनी हे स्वतःच्या वहीतून शोधून काढलं होतं.

ही वही वाचल्यावर मला इतिहासाची काही पानं नव्याने आठवली.

पहिलं पान अकबर बादशहाचं. अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या शेवटी लिहिलेल्या 'आईन-ए-अकबरी'त बंदुकांवर स्वतंत्र प्रकरणं आहेत. शाही बंदुकीवर काय काय कोरायचं याची यादीच त्यात दिली आहे. लोखंडाचं वजन, लोखंड कुठून आलं, कारागिराचं नाव, बंदूक बनल्याची जागा, महिना, साल आणि क्रमांक. नवी नळी आधी थोड्या दारूवर पारखली जायची आणि मगच पुढे जायची. बादशहाने कोणत्या बंदुकीने किती शिकार केली हे टिपायला लेखनिक नेमलेले होते. त्यांच्या नोंदींवरून अबुल फजल लिहितो की 'संग्राम' नावाच्या बंदुकीने १,०१९ जनावरं मारली गेली होती. आपण शाळेत अकबराचं धार्मिक धोरण शिकवतो, नवरत्नं शिकवतो. बंदुकीमागे बसून आकडे लिहिणारा तो मुन्शी मात्र कुठल्याच धड्यात येत नाही.

पण दरबारी नोंद आणि कामाची वही यांत फरक असतो. त्याचं उदाहरण दुसऱ्या पानावर आहे. १५६७ च्या डिसेंबरात अकबराच्या फौजेने चितोडच्या तटाखाली दोन सुरुंग भरले. दोन्ही एकदम उडायला हवे होते. एक आधी उडाला, तट फुटला, सैनिक आत धावले, आणि तेवढ्यात दुसरा उडाला. आपल्याच दारूने आपलीच माणसं मेली. ही हकिकत दरबारच्या इतिहासात लिहिली गेली.

आता तिसरं पान, आणि ते आमच्या उंबऱ्यावरचं. नवघरहून पश्चिमेला गेलं की चौकच्या टेकडीवर धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. तिथून खाडीपलीकडे वसई दिसते. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत हा धारावी किल्ला मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात हातोहात फिरला, आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. वसईच्या बुरुजाखालीही सुरुंग होते. काही वेळेवर उडाले, खिंडार पडलं, मराठे त्यात घुसले. मग मागे राहिलेला सुरुंग उशिरा उडाला आणि मराठ्यांचेच कितीतरी जवान गेले.

चितोड आणि वसई यांच्यात १७१ वर्षं आणि शेकडो कोस. फौजा वेगळ्या, झेंडे वेगळे, धर्म वेगळे. चूक तीच. नानांच्या वहीतला 'उशिरा पेटली' हा शेरा दोन्ही ठिकाणी लागू पडतो. चितोडची हकिकत ग्रंथात होती, पण ग्रंथ दरबारात होता. सुरुंग भरणाऱ्याच्या हाताशी काही वही नव्हती. उस्तादाने शागिर्दाला तोंडी सांगितलं तेवढंच पुढे गेलं, आणि उस्ताद मेला की तेही गेलं.

मराठ्यांना हिशेबाची किंमत कळत नव्हती असं मात्र कोणी समजू नये. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त गडावरच्या दारूखान्याबद्दल बारीक सूचना आहेत. दारूखाना राहत्या घरांपासून दूर हवा. हवालदाराने दर आठ-पंधरा दिवसांनी दारू, बाण, होके बाहेर काढून उन्हात सुकवावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावे. सह्याद्रीचा पाऊस ज्याने अंगावर घेतलाय तोच असं लिहू शकतो. इथे 'मुद्रा करून' हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. मुद्रा म्हणजे जबाबदारी. कोणीतरी नावानिशी सांगतंय की मी हे पाहिलं आहे.

युरोपात हे काम पुढे मोजमापात गेलं. वसई पडल्यावर तीनच वर्षांनी, १७४२ साली, बेंजामिन रॉबिन्स या इंग्रजाने तोफशास्त्रावर पुस्तक छापलं. टांगलेल्या जड ठोकळ्यावर गोळी झाडायची, ठोकळा किती मागे झुलला ते मोजायचं आणि त्यावरून गोळीचा वेग काढायचा, ही त्याची पद्धत. म्हणजे 'धक्का जास्त' हा शेरा त्याने आकड्यात आणला. हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कुड्डालोरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला. इंग्रज जिंकले त्याची कारणं पुष्कळ आहेत. त्यांच्या हातात मोजणारी वही होती, हेही त्यांतलं एक आहे असं मला वाटतं.

१८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. तिथल्या जुन्या थ्री-नॉट-थ्री काडतुसाच्या बुडावर 'के एफ' ही अक्षरं आणि साल ठोकलेलं असतं. काडतुसात दोष निघाला तर ते कुठलं आणि कधीचं हे त्या खुणेवरून कळतं. अकबराच्या बंदुकीवरची यादी इथे दोन अक्षरं आणि एका सालावर आली. गळालं ते फक्त कारागिराचं नाव.

नावाचा विषय निघालाच आहे तर आमच्या शाळेतली गोष्ट सांगते. एका मुलाचं आडनाव गोलंदाज. हजेरी घेताना पोरं हमखास ओरडायची, "टीचर, हा फास्ट की स्पिन?" बिचारा मान खाली घालायचा. मी एक दिवस सगळ्यांना सांगितलं की गोलंदाज म्हणजे गोळा टाकणारा, तोफ डागणारा. क्रिकेटने हा शब्द फार नंतर उसना घेतला. तुझ्या पूर्वजांत कोणीतरी तोफेमागे उभा राहिला असणार. त्या दिवसापासून पोरगा हजेरीला जोरात 'हाजिर' म्हणू लागला. मग त्याने विचारलं, "टीचर, त्यांचं नाव काय होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आपल्याला मोठी नावं ठाऊक आहेत. पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना चालवणारा आणि त्यासाठी जीव देणारा इब्राहिमखान गारदी आपण अभिमानाने सांगतो. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेल्या, आज विजापुरात असलेल्या 'मलिक-ए-मैदान' तोफेवर रूमी उस्तादाचं नाव कोरलेलं आहे, म्हणून तोही उरला. पण दारू सुकवणारे, मापं भरणारे, गज ठासणारे? कोणी मुसलमान, कोणी मराठा, कोणी महार, कोणी भंडारी. मुसलमान कोणाच्या बाजूने लढले, हा वाद आपल्याकडे रोज चालतो. तोफेमागच्या माणसाला मात्र रोजचा प्रश्न वेगळा होता: आजची दारू कोरडी आहे का, आणि काल हाच बार भरून माझ्या शेजाऱ्याचं काय झालं?

वहीतली शेवटची नोंद १९९१ ची आहे. अक्षर थरथरतं. त्यानंतर नानांनी बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. शेवटच्या ओळीच्या टोकाला 'रिकामी' लिहिलंय आणि त्याच्याखाली, पहिल्यांदाच, सही. मी अम्मीला विचारलं, पुठ्ठ्यावर देवनागरीत का लिहिलं? ती म्हणाली, "पोलीसपाटलाला वाचता यावं म्हणून. अब्बा म्हणायचे, लपवायचं नसेल तर दुसऱ्याच्या अक्षरात लिहावं."

कोणी हे वाचून बंदुका भरायला लागू नये. परवान्याशिवाय हे काम गुन्हा आहे, आणि पहिलं पान पुन्हा एकदा वाचा म्हणजे बाकीचंही कळेल. मला सांगायचंय ते वहीबद्दल. तुमच्याही घरात एखादी असेल. शिकलगाराची, अत्ताराची, नाखव्याची, दर्ज्याची. लिपी वाचता येत नाही म्हणून ती रद्दीत देऊ नका. एखाद्या उर्दू शिक्षकाला गाठा. भाईंदरमध्ये असाल तर मला गाठा.

मराठीत 'तारीख' म्हणजे दिवस आणि महिना. उर्दूत त्याच शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, इतिहास. नाना रोज ओळीच्या सुरुवातीला तारीख लिहायचे. माझी मुलगी आता ती वही मराठीत उतरवते आहे. तिला उर्दू वाचता येत नाही, म्हणून मी वाचते आणि ती लिहिते. काल आम्ही १९७४ पर्यंत आलो.