हिंगोलीची छावणी व बेपत्ता शिपायांची ओळख

रणांगणावरून न परतलेल्या माणसाची निश्चित नोंद नसली म्हणजे काय होतें, हें पानिपतच्या अभ्यासकांस सांगावयास नको. 1761 नंतर उद्भवलेलें भाऊसाहेबांच्या तोतयाचें प्रकरण 1776 सालीं त्याच्या देहान्तानेंच मिटलें. गेल्या शतकांतील दोन महायुद्धांच्या कैदी व बेपत्ता शिपायांचीं दफ्तरें विपुल आहेत. तथापि तींहि असावध वाचकास तोतयाच गांठून देतात. हिंगोलीच्या संबंधानें हा धोका कसा उद्भवतो, तें दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

हिंगोली ही 1903 पर्यंत हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. त्या सालीं ही फौज इंग्रजांच्या हिंदी सैन्यांत विलीन होऊन तिच्या पायदळास 94 ते 99 हे क्रमांक मिळाले. 1922 सालीं त्यांतून 19 वी हैदराबाद रेजिमेंट बनली. 1945 सालीं तिला कुमाऊं हें नांव मिळालें. तिचें केंद्र आज राणीखेत येथें आहे. मध्यंतरीं भरतीहि कुमाऊंनी, अहीर, जाट यांची होऊं लागली होती.

या रेजिमेंटची चौथी पलटण 7 जानेवारी 1942 रोजीं मलायांत स्लिम नदीवर लढली. 15 फेब्रुवारीस सिंगापूर पडलें. तेव्हांच्या यादींत शिपायापुढें ‘हैदराबाद’ दिसलें कीं तो आपल्याकडचा असें मानण्याचा मोह होतो. परंतु तें पलटणीचें नांव आहे, मुलखाचें नव्हे. उलट हिंगोलीकडील तरुण मराठा पलटणींत गेला असल्यास त्याचा शोध निराळ्या ठिकाणीं घ्यावा लागेल: 29 एप्रिल 1916 रोजीं कुत-अल-अमारा येथें 103, 110 व 117 या मराठा पलटणी तुर्कांच्या हातीं पडल्या, 21 जून 1942 रोजीं तोब्रुक येथें मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण कैद झाली.

दफ्तरांचे स्वभावहि भिन्न आहेत. पहिल्या महायुद्धांतील कैद्यांच्या नोंदी जिनीव्हाच्या रेडक्रॉसनें ठेविल्या. जपाननें 1929 च्या कैदीविषयक करारास अंतिम मान्यता दिली नव्हती. त्याच्याकडून याद्या अपुऱ्या व उशिरां आल्या. म्हणून एकच शिपाई आधीं बेपत्ता, मग कैदी, पुढें आझाद हिंद फौजेंत, असा तिन्ही ठिकाणीं आढळूं शकतो. बसरा येथील स्मारकावर तर हिंदी शिपायांचीं नांवें न कोरतां पलटणवार संख्याच कोरली आहे.

तेव्हां ओळख पटविण्यास शिपायाचा क्रमांक, पित्याचें नांव व गांव हीं तिन्ही जुळलीं पाहिजेत. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजीं झाला; त्यापूर्वींच्या कागदांत परभणी जिल्हा पाहावा, आणि इंग्रज कारकुनानें कानावर पडेल तसें लिहिलेलें गांवाचें नांव मोठ्यानें वाचून पाहावें.

संग्राहकांस एवढीच विनंति कीं, पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नांव व पलटण उमटविलेली असते. घरांतील पेन्शनचे कागद व पदक एकत्र मिळाल्यास तीं कदापि विलग करूं नयेत. चांदीच्या मोलानें पदक गेलें तर दगडावर केवळ संख्या होऊन राहिलेल्या शिपायाचें नांव पुन्हां मिळविण्याचें एक साधन जातें.