अहिल्यानगर जिल्ह्यातील लघुव्यवसायांची वीजबिले

अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यातील दुकाने, खाणावळी, पिठाच्या गिरण्या, दूध शीतकरण केंद्रे, वेल्डिंगचे कारखाने, छापखाने, लॉज आदी लहान व्यवसायांना लघुदाबाने वीज पुरवली जाते. त्यांच्या वीजबिलांची रचना, त्यांत होणारी अनपेक्षित वाढ आणि ग्राहकांस उपलब्ध असलेले कायदेशीर मार्ग हा या लेखाचा विषय आहे. जिल्ह्यातील वीजवितरण महाराष्ट्र राज्य विद्युत वितरण कंपनी (महावितरण) करते व तिचे अहिल्यानगर मंडळ नाशिक परिमंडळात मोडते. दर मात्र कंपनी ठरवीत नाही. ते महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. बिल फुगले की ‘युनिटचा दर वाढला’ असे सर्रास म्हटले जाते. अनेकदा ते अर्धसत्य असते. दर न बदलताही बिल दुप्पट होऊ शकते व त्याची कारणे बिलाच्या मागच्या बाजूस बारीक अक्षरांत असतात.

पार्श्वभूमी

जिल्ह्याच्या वीजइतिहासाचा एक भाग राज्यात वेगळा आहे. १९६९ मध्ये श्रीरामपूर येथे मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था स्थापन झाली. ग्रामीण विद्युतीकरणासाठी अमेरिकी साहाय्याने देशात ज्या पाच पथदर्शी वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या, त्यांपैकी ही एक. हुक्केरी (कर्नाटक), सिरसिल्ला (आंध्र प्रदेश, आता तेलंगणा), कोडिनार (गुजरात) आणि लखनौ (उत्तर प्रदेश) येथील संस्था ही तिची भावंडे. श्रीरामपूर, राहुरी, राहाता, संगमनेर आणि नेवासे या तालुक्यांतील गावांत ही संस्था वीज मंडळाकडून घाऊक वीज घेऊन ग्राहकांना पुरवीत असे. साखर कारखानदारी आणि कालव्याखालचा ऊसपट्टा यांमुळे तिच्या ग्राहकांत शेतीपंपांचे प्रमाण मोठे होते. शेतीपंपांची वसुली आणि घाऊक खरेदीचे देणे यांचा मेळ बसेना व थकबाकी साचत गेली. ३१ जानेवारी २०११ रोजी संस्थेच्या परवान्याची मुदत संपली आणि १ फेब्रुवारी २०११ पासून तो भाग महावितरणकडे आला. संस्थेच्या वाहिन्या व उपकेंद्रे वापरण्याच्या मोबदल्याचा वाद त्यानंतरही चालू राहिला.

तत्पूर्वी, विद्युत अधिनियम २००३ नुसार महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन ६ जून २००५ रोजी निर्मिती, पारेषण आणि वितरण यांसाठी स्वतंत्र कंपन्या अस्तित्वात आल्या. शेतीपंपांचे दर पुरवठ्याच्या सरासरी खर्चाहून कमी ठेवले जातात. तो भार काही प्रमाणात शासन अनुदानाने उचलते आणि उरलेला उद्योग व व्यापारी ग्राहकांच्या दरांतून भरून निघतो. यास ‘क्रॉस सबसिडी’ म्हणतात. ज्या गावात पंपाचे बिल थकलेले असते, त्याच गावातील किराणा दुकानदार सरासरी खर्चाहून अधिक दर भरीत असतो. या विसंगतीची तक्रार व्यापारी व उद्योजक संघटना अनेक वर्षे करीत आल्या आहेत.

बिलाची रचना

लघुदाब ग्राहकाच्या बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क आणि वीज विक्री कर ही मुख्य अंगे असतात. (‘आकार’ हा शब्द येथे रूप या अर्थी नसून आकारणी या अर्थी आहे, बिलाच्या मराठी परिभाषेत तो चांगला रुळला आहे.) वीज आकार आणि वहन आकार वापरलेल्या युनिटांवर अवलंबून असतात. स्थिर आकार वापरावर अवलंबून नसतो. २० किलोवॉटपर्यंतच्या व्यापारी व औद्योगिक जोडणीस तो दरमहा ठरावीक असतो. दुकान महिनाभर बंद असले तरी तो द्यावा लागतो. २० किलोवॉटच्या पुढे तो मागणीनुसार, म्हणजे केव्हीएवर आकारला जातो. तेथे प्रत्यक्ष वापर कमी असला तरी मंजूर मागणीचा ठरावीक हिस्सा हिशेबात धरला जातो आणि मंजूर मागणी ओलांडली तर वाढीव मागणीवर दीडपट दराने आकारणी होते.

वीज शुल्क हा राज्य शासनाचा कर आहे. महाराष्ट्र विद्युत शुल्क अधिनियम २०१६ नुसार तो घरगुती ग्राहकांस १६ टक्के, व्यापारी ग्राहकांस २१ टक्के आणि औद्योगिक ग्राहकांस ७.५ टक्के आहे. शुल्कपात्र रक्कम १०,००० रुपये असेल तर व्यापारी ग्राहकाचे शुल्क २,१०० रुपये होते आणि औद्योगिक ग्राहकाचे ७५० रुपये. केवळ वर्गवारीमुळे पडणारा हा १,३५० रुपयांचा फरक शुल्कापुरताच आहे. दोन वर्गांचे मूळ दर वेगळे असतात ते निराळेच.

इंधन समायोजन आकार दरमहा बदलू शकतो. दर ठरवताना गृहीत धरलेला वीजखरेदीचा खर्च आणि प्रत्यक्ष खर्च यांतील तफावत त्यातून वसूल होते. २०२२ मध्ये कोळशाची टंचाई व आयात कोळशाच्या चढ्या किमती यांमुळे हा आकार अनेक महिने बिलांत दिसला. ग्राहकास तो आधी कळत नाही. महिन्याच्या हिशेबावर चालणाऱ्या छोट्या दुकानदाराला नेमका हाच भाग अधिक जाचक होतो, कारण विकलेल्या मालाची किंमत त्याला मागाहून वाढवता येत नाही.

वर्गवारी

कोणता व्यवसाय कोणत्या वर्गात मोडतो हे आयोगाच्या दर आदेशात नमूद असते. पिठाच्या, डाळीच्या, पोह्यांच्या व मसाल्याच्या गिरण्या, लाकूड कापण्याच्या गिरण्या, बर्फाचे कारखाने, दूध प्रक्रिया व शीतकरण केंद्रे, छापखाने आणि अभियांत्रिकी कार्यशाळा औद्योगिक वर्गात येतात. दुकाने, उपाहारगृहे, लॉज आणि वाहन दुरुस्तीची गॅरेजे व्यापारी (अनिवासी) वर्गात येतात. कुक्कुटपालन आणि शेतमालाची शीतगृहे ‘कृषी-इतर’ या वर्गात मोडतात. यंत्रमागांना स्वतंत्र उपवर्ग आहे.

घरातच शिलाईकाम, शिकवणी किंवा ब्यूटी पार्लर चालवणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची सवलत आहे. व्यवसाय राहत्या घराच्या एका भागात असेल, मासिक वापर ३०० युनिटांपर्यंत असेल आणि मागील आर्थिक वर्षाचा एकूण वापर ३,६०० युनिटांच्या आत असेल, तर अशा ग्राहकास घरगुती दर लागू होतो. ही मर्यादा माहीत नसल्यामुळे काही जण विनाकारण व्यापारी दर भरतात; उलट काही जण ती ओलांडूनही घरगुती मीटरवरच राहतात.

दुसऱ्या प्रकारातील ग्राहक अडचणीत येऊ शकतो. मंजूर प्रयोजनाहून वेगळा वापर आढळल्यास विद्युत अधिनियमाच्या कलम १२६ नुसार लागू दराच्या दुप्पट दराने निर्धारण होते. असा वापर केव्हापासून चालू आहे हे ठरवता आले नाही, तर तपासणीपूर्वीच्या बारा महिन्यांची आकारणी होते. अंतिम आदेशाविरुद्ध कलम १२७ खाली ३० दिवसांत अपील करता येते. मात्र त्यासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते. भाड्याच्या गाळ्यात मीटर मूळ मालकाच्या नावे घरगुती राहिलेले असते आणि दंडाचे बिल भाडेकरूच्या हाती पडते. गाळा घेताना भाडेकरारासोबत वीजबिलावरील वर्गवारीही पाहणे म्हणूनच व्यवहार्य ठरते.

अनपेक्षित वाढीची कारणे

सर्वांत सामान्य कारण म्हणजे सरासरी बिल. रीडिंग घेता आले नाही तर मागील वापराच्या सरासरीवर बिल निघते व पुढे प्रत्यक्ष रीडिंग झाल्यावर उरलेली सर्व युनिटे एका बिलात येतात. याचे ठळक उदाहरण २०२० च्या टाळेबंदीत राज्यभर दिसले. मार्चच्या अखेरीस मीटर रीडिंग थांबले, एप्रिल-मेची बिले हिवाळ्यातील महिन्यांच्या सरासरीने निघाली आणि जूनमध्ये एकत्रित बिले हाती पडली. उन्हाळ्यात घरी अडकलेल्या घरगुती ग्राहकांना वाढीव वापराचा धक्का बसला. कुलूप लावलेल्या दुकानांची तक्रार उलट होती: न वापरलेल्या विजेचे सरासरी बिल त्यांना आले. त्या काळात आयोगाने व्यापारी व औद्योगिक ग्राहकांचा स्थिर आकार भरण्यास तीन बिलिंग आवर्तनांची मुदत दिली. ती माफी नव्हती. पुढे ढकललेली रक्कम नंतर भरावीच लागली.

दुसरे कारण अतिरिक्त सुरक्षा ठेव. आयोगाच्या २०२१ च्या वीजपुरवठा संहितेने ठेवीची मर्यादा सरासरी मासिक बिलाच्या दुपटीपर्यंत नेली. पूर्वी ती एका महिन्याएवढी होती. वापर किंवा दर वाढला की ठेवीतील फरकाची स्वतंत्र मागणी येते. ती खर्च नव्हे. तिच्यावर व्याज मिळते, जोडणी बंद केल्यावर ती परत मिळते आणि ती हप्त्यांतही भरता येते. परंतु नेहमीच्या बिलासोबतच दुसरा कागद येत असल्याने तो ‘दुसरे बिल’ म्हणूनच ओळखला जातो.

मोटारींवर चालणाऱ्या व्यवसायांत शक्तिगुणक (पॉवर फॅक्टर) महत्त्वाचा ठरतो. ३० किलोवॉट भार ०.८० शक्तिगुणकावर चालला तर यंत्रणेवर ३७.५ केव्हीएची मागणी पडते, तोच ०.९५ असेल तर मागणी सुमारे ३१.६ केव्हीए राहते. म्हणजे काम तेवढेच, पण मागणीवरची आकारणी पाचव्या हिश्शाइतकी अधिक. योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसवणे हा त्यावरील प्रचलित उपाय आहे. जळालेला कपॅसिटर महिनोन्‌महिने तसाच राहणे हे कार्यशाळांमधील वाढीव बिलांचे दुर्लक्षित कारण होय. साध्या पिठाच्या गिरणीचा हिशेबही उद्बोधक आहे: पाच अश्वशक्तीची मोटार (सुमारे ३.७३ किलोवॉट) पूर्ण भाराने रोज चार तास, महिन्यात २६ दिवस चालली तर सुमारे ३८८ युनिटे होतात. बिलावरील युनिटे याहून फारच अधिक असतील, तर आधी मीटर व वायरिंग तपासून घेणे इष्ट.

मीटर सदोष आढळल्यास बिलाची दुरुस्ती वादाच्या महिन्यापूर्वीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांपुरतीच करता येते. ही तरतूद दोन्ही बाजूंना लागू आहे.

दर आदेशांतील अस्थिरता

३० मार्च २०२० च्या बहुवर्षीय दर आदेशात पाच वर्षांचे दर ठरले आणि ३१ मार्च २०२३ च्या मध्यावधी आढाव्यात ते वाढले. २८ मार्च २०२५ रोजी आयोगाने दरकपात करणारा आदेश दिला. पण महावितरणच्या विनंतीवरून काही दिवसांतच त्यास स्थगिती मिळाली आणि २५ जून २०२५ च्या पुनरावलोकन आदेशाने १ जुलैपासून बदललेले दर लागू झाले. पुनरावलोकनाच्या पद्धतीवर ग्राहक संघटनांनी आक्षेप घेतले. या आदेशांत वेळेनुसार दरांची रचनाही पालटली: पूर्वी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत सूट असे, आता सूट दिवसाच्या सौर विजेच्या वेळेकडे सरकली आणि संध्याकाळनंतरचा वापर महाग झाला. शिर्डीसारख्या ठिकाणी लॉज व उपाहारगृहांचा भार संध्याकाळीच अधिक असतो. त्यांपैकी वेळेनुसार दर लागू असणाऱ्यांना हा बदल प्रतिकूल आहे. नागापूर आणि सुपे येथील औद्योगिक वसाहतींत रात्रपाळीवर बेतलेल्या कारखान्यांनाही वेळापत्रक नव्याने मांडावे लागते. छतावरील सौर संच हा पर्याय आहे. तथापि २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेचे अनुदान घरगुती ग्राहकांपुरते असल्याने दुकानदारास संपूर्ण खर्च स्वतः करावा लागतो.

तक्रार आणि दाद

थकबाकीसाठी पुरवठा तोडण्यापूर्वी कलम ५६(१) नुसार पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस देणे बंधनकारक आहे. याच कलमाच्या परंतुकाचा उपयोग फार थोडे ग्राहक करतात: बिल वादग्रस्त असल्यास मागणी केलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीनुसार येणारी रक्कम, यांपैकी कमी असेल ती हरकत नोंदवून भरल्यास वादाचा निकाल लागेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. जुन्या थकीत मागणीबाबत कलम ५६(२) मध्ये दोन वर्षांची मर्यादा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अजमेर विद्युत वितरण निगमच्या प्रकरणात तिचा अर्थ लावताना असे म्हटले, की चुकीमुळे राहून गेलेली रक्कम कंपनी नंतरही मागू शकते, मात्र त्यासाठी पुरवठा तोडण्याचा मार्ग तिला खुला राहत नाही.

बिलाची तक्रार प्रथम उपविभागीय कार्यालयात लेखी देऊन पोच घेतली जाते. तेथे समाधान न झाल्यास ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, मंचाने ६० दिवसांत निर्णय देणे अपेक्षित आहे आणि त्या निर्णयाविरुद्ध ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे दाद मागता येते. राज्यात लोकपालांची कार्यालये मुंबई व नागपूर येथे असून अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रकरणे मुंबईकडे जातात. मंचापुढे वकील देणे आवश्यक नसते. ग्राहक स्वतः बाजू मांडू शकतो. कलम १२६ खालील अनधिकृत वापराची आणि वीजचोरीची प्रकरणे मात्र मंचाच्या कक्षेत येत नाहीत.

व्यवसाय बंद पडून जोडणी कायमची खंडित झालेल्या ग्राहकांसाठी महावितरणने २०२४ मध्ये अभय योजना आणली. तीत मूळ थकबाकी भरल्यास व्याज व विलंब आकार माफ करण्याची तरतूद होती. अशा जागेत नव्याने धंदा सुरू करणाऱ्याकडे जुन्या ग्राहकाची थकबाकी मागितली जाते. त्यामुळे जागा विकत वा भाड्याने घेणाऱ्यांसही या योजनेचा उपयोग होता.