सहा खाचांची कुळकथा

मुंबई-गोवा हायवेवर कसालला मालवणचा रस्ता फुटतो. या पट्ट्यात विजेवरची तार पहिल्यांदा कानावर पडते ती वरातीतल्या नाहीतर विसर्जनातल्या बेंजोची. हा बेंजो म्हणजे आपला बुलबुलतरंग, आणि त्याचं मूळ जपानचं: 1912 मध्ये नागोयाच्या मोरिता गोरो यांनी काढलेलं ताइशोगोतो. इलेक्ट्रिक गिटार घराघरांत आली ती बरीच नंतर, पोरांच्या हट्टापायी, आणि शक्यतो स्वस्तातली. मग महिनाभरात तक्रार सुरू होते की एफ कॉर्ड धरताना बोटं फुटतात आणि धरूनही सूर चढाच लागतो. घरचे म्हणतात, रियाज कमी पडतो. खरं तर बऱ्याचदा दोष असतो तो मानेच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे बसवलेल्या बोटाएवढ्या पट्टीचा. तिला गिटारवाले नट म्हणतात.

या पट्टीचे भाऊबंद आपल्याकडे जुने आहेत. तंबोऱ्याच्या आणि सतारीच्या दांडीवर याच जागी अटी असते आणि तिला लागून भोकं पाडलेलं तारगहन. तार उचलून धरायची अटीने, तारांमधलं अंतर राखायचं तारगहनाने, अशी कामाची वाटणी. गिटारीच्या नटाला ही दोन्ही कामं एकट्याने करावी लागतात, म्हणून त्याच्या खाचा इतक्या नाजूक.

मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं घडवायला घेतली. घराणं शिकलगारांचं, म्हणजे हत्यारं पाजळणाऱ्यांचं. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला आणि तलवारीवरचा हात भोपळ्यावर आणि दांडीवर फिरू लागला. उंची वाद्याला त्या काळी हस्तिदंत लागे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, 1986 च्या दुरुस्तीने देशी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, 1991 च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचाही. मग हाड आलं, कृत्रिम पट्ट्या आल्या. मिरजेचा तंबोरा त्याने बेसूर झाला नाही. 2024 मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

हाड-शिंग घासून वस्तू करण्याची विद्या कसालपासूनही फार लांब नव्हती. विजयदुर्गचे कारागीर गव्याच्या शिंगाला खोबरेल तेल लावून, विस्तवावर शेकून मऊ करत आणि त्याच्या शोभेच्या वस्तू घडवत. रत्नागिरी-सावंतवाडीच्या इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये त्या कामाची नोंद आहे. आज गव्याला कायद्याचं संरक्षण आहे, आणि ते योग्यच. पण म्हशीच्या शिंगाचे नट जगभर बसवले जातात, हे वाचताना विजयदुर्ग आठवल्याशिवाय राहत नाही.

गिटारीकडचा नट असाच हाताशी येईल त्या वस्तूचा होत गेला. 1932 मध्ये रिकनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’ बाजारात आली. यशस्वी इलेक्ट्रिक गिटारींतली ही पहिली, आणि ती हवाई पद्धतीची, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची. तिच्यात तार पडद्यावर दाबायचीच नसते, वरून पोलादी कांडी सरकवायची. त्यामुळे नट उंच असला तर उत्तमच. दाबून वाजवायच्या गिटारी पुढे जोरात आल्या आणि नट खाली उतरला. लिओ फेंडरने 1950 च्या दशकात हाड वापरलं, त्याच काळात गिब्सनने आपल्या लेस पॉल गिटारीला चक्क नायलॉन. त्या काळातल्या लेस पॉल आज अतोनात किमतीला जातात, आणि आपल्याकडे ‘प्लास्टिकचा नट काढा, हाडाचा टाका, आवाज खुलेल’ असा सल्ला देणारे थांबत नाहीत! सत्तरच्या दशकात पितळेची हौस झाली. फ्लॉइड रोझने तर तारा नटातच स्क्रूने आवळून टाकल्या. त्याचं पेटंट 1979 चं.

माझं मत सांगतो. तार पडद्यावर दाबली की ती त्या पडद्यापासून घोडीपर्यंतच वाजते. नट खेळातून बाहेर. म्हणजे त्याच्या जातीचा फरक पडला तर मोकळ्या तारेवर, आणि तोही थोडा. फरक खाचेने पडतो. खाच उथळ राहिली तर पहिल्या पडद्यावर तार जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. एफ कॉर्डची सगळी रड तिथली. खोल गेली तर मोकळी तार पडद्यावर खरखरते. अरुंद असली तर खुंटी पिळताना तार अडकते आणि टक्‌ आवाज करून एकदम पुढे उडी घेते.

तपासायला हत्यार लागत नाही. तार तिसऱ्या पडद्यावर दाबायची आणि पहिल्या पडद्यावर पाहायचं: केसाएवढी फट हवी. तार चिकटली असेल तर खाच खोल गेली. फट मोठी दिसली तर कानशीने हलक्या हाताने उतरवायचं, खुंट्यांच्या बाजूला किंचित उतार देत, म्हणजे तार नटाच्या पडद्याकडच्या कडेवरच टेकेल. मोकळ्या सुराचं माप तिथूनच सुरू होतं. अडकणाऱ्या खाचेत आधी पेन्सिलीचं शिसं घासून पाहावं. निम्मी दुखणी तिथेच संपतात.

नट बदलायचाच झाला तर नवा आणण्याआधी जुन्याची लांबी, जाडी आणि पहिल्या तारेपासून सहाव्यापर्यंतचं अंतर मोजावं. फेंडर घाटाच्या गिटारीवर नट साधारण 42 मिलिमीटरचा, गिब्सनवर 43 चा. मिलिमीटरच्या या फरकाने तार मानेच्या कडेवरून घसरते. जुना नट पकडीने उपटू नये. कडेचं पॉलिश ब्लेडने चिरावं, लाकडाचा ठोकळा लावून हलके ठोके द्यावेत. नवा बसवताना गोंदाचे एक-दोन ठिपके पुरतात, कारण तारांचा दाबच त्याला जागेवर धरतो आणि पुढच्या वेळी तो सुटायलाही हवा. खाच चुकून खोल गेलीच, तर हाडाचा भुसा तीत भरून वर फेव्हिक्विकचा थेंब सोडतात, सुकला की पुन्हा कानस.