मातीच्या ढिगाऱ्यातून निघालेली रेषा

शाळा-कॉलेजच्या पेपरात हमखास येणारं गणित: अ(२, ३) आणि ब(६, −१) यांना जोडणाऱ्या रेषाखंडाच्या मध्यबिंदूतून जाणाऱ्या, ३ चढ असलेल्या रेषेचं समीकरण काढा. मध्यबिंदू (४, १). मग य − १ = ३(क्ष − ४), म्हणजेच य = ३क्ष − ११. काम दोन ओळींचं, पण दोन्ही ओळींच्या वयात दोन हजार वर्षांचं अंतर आहे.

रेषाखंड दुभागायची कृती युक्लिडच्या पहिल्याच पुस्तकात, दहाव्या विधानात आहे. रेषाखंडावर समभुज त्रिकोण काढा, समोरचा कोन दुभागा, झालं. आकड्यांचा संबंधच नाही.

दुसऱ्या ओळीचं श्रेय सर्रास फ्रेंच गणितज्ञ देकार्तला दिलं जातं. पण १६३७ च्या त्याच्या 'भूमिती'त हे समीकरण शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. त्याचं सगळं लक्ष वक्रांवर. साध्या सरळ रेषेत त्याला फारसा रस नव्हता. रेषेचं समीकरण मांडलं ते त्याच सुमारास त्याच्याच देशातल्या फर्मानं एका निबंधात, तेही आरंभबिंदूतून जाणाऱ्या रेषेचं. त्याचा तो निबंध छापून आला १६७९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर १४ वर्षांनी.

आपलं सूत्र आजच्या रूपात भेटतं ते गास्पार मोंजकडे. हा गणितज्ञ १७४६ साली फ्रान्समधल्या बोन गावी एका लहान व्यापाऱ्याच्या घरी जन्मला. मेझिएरच्या लष्करी अभियांत्रिकी शाळेत खानदानी मुलांनाच अधिकारी होता येई, म्हणून याची रवानगी नकाशे काढणाऱ्यांत झाली. तिथं किल्ल्याच्या तटबंदीचा आराखडा त्यानं लांबलचक आकडेमोड टाळून निव्वळ भूमितीनं इतक्या झटपट काढला, की ती पद्धत लष्करी गुपित म्हणून दडवून ठेवण्यात आली!

१७८१ च्या त्याच्या निबंधाचा विषय मात्र अगदीच मातीतला: खणलेली माती भरावावर न्यायची, तर कुठली माती कुठे टाकावी म्हणजे वाहतुकीचा खर्च कमीत कमी होईल? माती सरळ रेषेत न्यायची, हे उघडच. शिवाय दोन वाटा एकमेकींना छेदत असतील तर त्यांची मुक्कामाची ठिकाणं अदलाबदल करावीत. एकूण अंतर घटतं. असा विचार करायचा तर वाटेवरचा एक बिंदू आणि वाटेची दिशा एवढ्यावरून रेषा लिहिता यायला हवी. त्यानं ती लिहिली; आजच्या चिन्हांत, चढाला म म्हटलं तर: य − य₁ = म(क्ष − क्ष₁). निबंध छापला गेला १७८४ मध्ये.

पुढे १७९४ मध्ये पॅरिसला एकोल पॉलितेक्निक निघालं, मोंज तिथं शिकवू लागला, आणि त्याच्या वर्तुळातल्या लाक्र्वासारख्यांच्या पाठ्यपुस्तकांतून हे सूत्र वर्गावर्गांत गेलं. चढासाठी इंग्रजी पुस्तकांत 'एम' का, याची एक लाडकी गोष्ट आहे: 'चढणे' या अर्थाच्या फ्रेंच 'मोंते'वरून म्हणे. पण खुद्द मोंजनं तिथं 'ए' लिहिलं होतं, आणि फ्रान्समधली मुलं आजही अनेकदा 'ए'च लिहितात.