वायफाय यजमानाचं, पासवर्ड घरचा

युरोपात शिकायला गेलेली आपली मुलं एक गोष्ट हमखास सांगतात. दुसऱ्या शहरातल्या, अगदी दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात पाऊल टाकलं की लॅपटॉप आपला आपण वायफायला जोडला जातो. फॉर्म नाही, पाहुण्यांची चिठ्ठी नाही. त्या वायफायचं नाव एज्युरोम. आज तिच्या चाचणीची गोष्ट.

काळ २००२चा. विद्यापीठांमध्ये वायफाय नुकतं येत होतं आणि त्याचं कुलूप कच्चं होतं. त्या वेळची 'वेप' ही पद्धत कशी फोडता येईल, हे फ्लुहरर, मँटिन आणि शमीर यांनी २००१मध्येच दाखवून दिलं होतं. त्यात प्राध्यापक मंडळी सतत प्रवासात. पाहुणा आला की त्याला तात्पुरतं खातं काढून द्या, आठवड्याने ते बंद करा, हा उद्योग प्रत्येक ठिकाणी. युरोपातल्या शैक्षणिक नेटवर्कांची 'टेरेना' नावाची संघटना होती. तिच्या एका कार्यगटाने हा प्रश्न हातात घेतला.

समोर तीन रस्ते होते. पहिला, वेबपानावर पासवर्ड टाकायचा. सोपा, पण मग तुमचा पासवर्ड यजमानाच्या पानावर पडतो, आणि तसंच दिसणारं खोटं पान कोणीही बनवू शकतं. दुसरा व्हीपीएनचा. सुरक्षित, पण प्रत्येक विद्यापीठाने बाकी सगळ्यांच्या व्हीपीएनला वाट मोकळी ठेवायची. दहा संस्था असतील तर ठीक, हजार झाल्या की यादी कोण सांभाळणार?

तिसरा रस्ता नेदरलँड्सच्या सर्फनेटमधल्या क्लास विरेंगा यांनी सुचवला. ८०२.१एक्स हे नवं मानक घ्यायचं आणि त्याला रेडियस जोडायचं. गंमत म्हणजे रेडियस हे डायल-अपच्या जमान्यातलं, मोडेम किर्रकिर्र करायचे तेव्हाचं. मला हा भाग फार आवडतो. जुन्याच अवजारावर नवा संसार!

चाचणी झाली नेदरलँड्स, फिनलंड, पोर्तुगाल, क्रोएशिया आणि ब्रिटन या पाच देशांतल्या पाच संस्थांमध्ये. क्रोएशिया तेव्हा युरोपीय संघातही नव्हता, तो आला २०१३मध्ये. म्हणजे राजकारण्यांच्या दहा वर्षं आधी नेटवर्कवाल्यांनी दार उघडलं होतं.

आता हे चालतं कसं? समजा, झाग्रेबची विद्यार्थिनी ब्रिटनमध्ये आली. तिचं नाव ईमेलसारखं असतं, '@'च्या पुढे संस्थेचं नाव. यजमान विद्यापीठ फक्त तेवढं पुढचं नाव वाचतं आणि विनंती आपल्या देशाच्या सर्व्हरकडे देतं. तिथून ती युरोपच्या सर्व्हरकडे, मग क्रोएशियाच्या, आणि शेवटी घरी. आपल्या टपालासारखंच. पाकीट सीलबंद, वाटेतले पोस्टमन पत्ता तेवढा वाचतात. पासवर्ड आत, तो उघडणार घरचाच सर्व्हर. उलट टपाली उत्तर येतं 'हो' किंवा 'नाही'. 'हो' आलं की दार उघडतं.

म्हणजे यजमान तुम्हाला ओळखतच नाही. तुमच्या संस्थेला ओळखतो. काही गैरप्रकार झालाच तर वेळ आणि संस्था त्याच्या नोंदीत सापडते, माणूस कोण हे संस्था शोधते. माझ्या मते तंत्रापेक्षा अवघड काम हे होतं: पासवर्ड न बघता दुसऱ्याच्या शब्दावर दार उघडायला शेकडो संस्थांना तयार करणं.

एक भोक मात्र राहिलं. 'एज्युरोम' हे नाव कोणीही आपल्या राउटरला देऊ शकतं. समोरचा सर्व्हर खरंच आपल्या घरचा आहे का, हे प्रमाणपत्रावरून कळतं. आणि आपण काय करतो? प्रमाणपत्राचा इशारा आला की न वाचता 'स्वीकारा' दाबतो. मग सीलबंद पाकीट चोराच्याच हातात. म्हणूनच पुढे 'कॅट' नावाचं साधन आलं, ते ही सगळी सेटिंग्ज स्वतः करून देतं.

आज एज्युरोम शंभराहून जास्त देशांत आहे. भारतात ते अर्नेट चालवतं, आणि आयआयटी मुंबईसारख्या संस्था त्यात आहेत. अशा संस्थेचं खातं घेऊन परदेशी जाणार असाल, तर सेटिंग्ज इथूनच करून जा. तिथे पोहोचल्यावर पासवर्ड विसरलात तर तिथला मदत कक्ष हात वर करणार. त्यांच्याकडे तो कधी नव्हताच.